उस्तादांचा ठोका

थापा मारायला मला जमत नाही. हे माझ्या मामांच्या बाबतीत घडलंय. याच आठवड्यात, भर दुपारी, त्यांच्या कारखान्यात.

तिथं हत्यारांना धार लावतात. त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्यांची हिरवी चाकं असतात. भलती कडक. पण बारीकशी चीर गेलेली असली, की फिरता फिरता फुटतात.

म्हणून नवं चाक बोटावर टांगून हातोडीच्या लाकडी मुठीनं वाजवायचं. माठ घेताना वाजवतात तसं. खणखणीत वाजलं तर ठीक.

बद्द वाजलं... तर भंगारात.

तिथले सगळ्यांत जुने कारागीर, उस्ताद, हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. गेल्या वर्षी त्यांनीच वाजवलेलं, खणखणीत वाजलेलं चाक फुटलं. उस्ताद जागच्या जागी गेले.

त्यांच्या मशीनवर आता मामांची लेक उभी राहते. मामांचा जीव सतत टांगणीला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वीज गेली. सगळे बाहेर सावलीला. मामा आत एकटेच डबा खात होते.

स्टोअरमधून आवाज आला.

टण्... टण्... टण्...

बद्द.

मामांचा घास हातातच राहिला. आत कुणी नव्हतं. एक चाक तेवढं खोक्याबाहेर होतं.

मामांनी वाजवलं. खणखणीत. लेकीला बोलावलं, तिनं वाजवलं. खणखणीत.

"बाबा, कान तपासून घ्या आता," ती हसली.

मामांनी हातोडा घेतला आणि त्या नव्याकोऱ्या चाकाचे तुकडे केले. आत चीर नव्हती. मालकांनी सगळ्यांसमोर हजेरी घेतली.

मंगळवारी पुन्हा तेच.

टण्... टण्...

बद्द.

मामा धावले. सगळी खोकी बंद. स्टोअरच्या भिंतीवरच्या खिळ्यांना कामगारांनी काढून ठेवलेले, काम करताना घालायचे चष्मे लटकत होते. सगळे स्तब्ध.

एकच हलत होता... लेकीचा.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. उस्ताद चाकं वाजवतच नव्हते. माणसं वाजवत होते.

"तू उद्यापासून जायचं नाहीस," रात्री त्यांनी बजावलं.

"वाऱ्यानं हलला असेल हो, बाबा!"

"स्टोअरला खिडकी आहे का गं?"

 पण ऐकेल तर ती मामांची लेक कसली.

आज दुपारी मामांनी गुपचूप तिचा चष्मा खिशात घातला. तिच्या खिळ्यावर स्वतःचा टांगला. जे व्हायचं ते माझं होऊ दे, म्हणाले. मग तिला शेजारी बसवून डबा उघडला.

टण्... टण्... टण्...

सगळे खणखणीत. शेवटचाही. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि तेवढ्यात...

बद्द.

हा आवाज स्टोअरमधून आला नव्हता. अगदी शेजारून आला होता.

लेक डोकं चोळत वळली.

"बाबा, टपली का मारलीत?"

मामांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात पोळी.

तिला तसंच घरी आणलंय. ती रागानं पाठ करून बसलीय. मामा तिच्यावरची नजर हलवत नाहीत.

मीही नाही.