बोगद्यापलीकडचं वजन

ऑफिसात मला सगळे ‘वजनदार’ म्हणतात. मी अंगाने काडीपैलवान आणि हुद्द्याने मधला, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने चांगलीच फिरकी घेतली आहे. पण नाव पडलं ते कामावरून. वेगवान गाडी धावत असताना तिच्या प्रत्येक डब्याचं वजन किती आहे, हे बघत बसणं हे माझं काम.

धावत्या गाडीचं वजन कसं करणार, असं लोक विचारतात. सोपं आहे. डबा चाकांवर थेट टेकलेला नसतो, मधे हवेने भरलेले रबरी फुगे असतात. माणसं चढली की फुगे दबतात, आतला दाब वाढतो, आणि त्या दाबावरून गाडी ठरवते की ब्रेक किती जोरात लावायचा. ताशी तीनशेच्या वेगाला हा हिशेब चुकून चालत नाही. म्हणून तो आकडा माझ्या स्क्रीनवरही येतो. आमच्या कंट्रोल रूमला खिडकी नाही. एसी इतका की मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतो. समोर भिंतभर पडद्यावर अख्खा मार्ग हिरव्या रेघेने काढलेला आहे, आणि रेघेच्या मधोमध डोंगराखालचा लांबलचक बोगदा.

या गाडीचं मला खरं कौतुक आहे ते घरच्या कारणाने. माझ्या एकुलत्या एका लेकीला नोकरी लागली ती डोंगरापलीकडच्या शहरात. जुन्या घाटरस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. गाडी नसती तर पोरगी तिकडेच खोली घेऊन राहिली असती. आता ती सकाळच्या गाडीने जाते आणि संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला असते. तिची आई म्हणते, एवढं एक काम तुम्ही आयुष्यात बरं केलंत.

बोगद्यात शिरताना हवेचा दणका बसतो. प्रवाशांच्या कानात दडे बसतात, माझ्या स्क्रीनवरचे आकडे जरा नाचतात आणि गाडी बाहेर पडली की पुन्हा जागेवर येतात. एका सकाळी पाचव्या डब्याचा आकडा जागेवर आला नाही. एका माणसाइतका कमी राहिला.

सेन्सर बिघडला, असं मी म्हटलं. वर्कशॉपने तो बदलला. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच झालं, कधी पाचव्या डब्यात, कधी दुसऱ्याच एखाद्या. मग आम्ही प्रवासी न घेता, डब्यांत वाळूची पोती भरून गाडी नेऊन आणली. पोत्यांचं वजन रतीभरही कमी झालं नाही. वर्कशॉपवाले माझ्याकडे बघून हसले आणि कामाला लागले.

मी गाडीवरच्या अटेंडंट बाईंना फोन केला. त्या दिवशीही पाचवा डबा हलका होऊन बाहेर आला होता.

“पाचव्यात कोणी कमी झालंय का हो?”

“कमी म्हणजे? दारं बंद असतात.”

“तरी एकदा मोजता का?”

त्यांनी मोजले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, जरा दबका. “जितके चढले तितकेच आहेत. सगळे जागेवर आहेत. तुम्हाला नक्की काय शोधायचंय?”

मी आभार मानून फोन ठेवला. माणसं सगळी होती, एकाचं वजन तेवढं नव्हतं. हे वाक्य मनात आलं तेव्हा मला माझंच हसू आलं, पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

लेकीची सुट्टी होती त्या दिवशी मीही रजा टाकली आणि पलीकडच्या स्टेशनवर गेलो. गेलो तो जुन्या रस्त्याने, बसचे हेलकावे खात. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. तिथे प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक सरकता जिना आहे. वीज वाचावी म्हणून तो थांबलेला असतो, पायाखालची पट्टी दबली की सुरू होतो. गाडी आली, गर्दी उतरली, जिना गर्दीला घेऊन वर गेला, रिकामा झाला आणि थांबला. मग मागे राहिलेला एक गृहस्थ आला. राखाडी शर्ट, हातात फोन, चाळिशीचा असेल. तो पट्टीवर उभा राहिला. जिना हलला नाही. त्याने पाय उचलून पुन्हा ठेवला, मग दुसरा ठेवला. जिना तसाच. तो थोडा वैतागला, आपण वैतागतो तितकाच. तेवढ्यात मागून एक म्हातारी बाई आली, तिने पट्टीवर पाऊल टाकलं आणि जिना सुरू झाला. तो गृहस्थ फोनमध्ये बघत वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“ब्रेकला धोका आहे?”

“नाही.”

“कुणाची तक्रार? कुणी हरवलंय?”

“नाही साहेब.”

“मग मी वर काय सांगू? माणसं सुखरूप पोचतात, पण हलकी होऊन पोचतात?”

ते हे हसण्यावारी न्यायला बघत होते, पण त्यांना हसू येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत आदेश आला. एका माणसाइतका फरक यापुढे स्क्रीनवर दाखवायचा नाही. तेव्हापासून माझी स्क्रीन अगदी शांत आहे. मूळ आकडे वेगळ्या ठिकाणी उघडून बघता येतात, पण ते बघायला मला कुणी सांगितलेलं नाही.

घरी मी लेकीला म्हटलं, काही दिवस त्या गाडीने जाऊ नकोस.

“का?”

मी अडखळत सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली. “बाबा, वजन कमी होतं? मग तर माझी जिमची कटकट वाचली.”

“चेष्टा करू नकोस गं.”

“ह्यांचं काय ऐकतेस,” तिची आई आतून म्हणाली. “गाडीचीही काळजी हेच करणार, घरातही हेच.”

माझा चेहरा बघून लेक थांबली. नवी नोकरी होती, रजा मिळणार नव्हती. माझ्या हातात तिला थांबवण्यासारखं काही नव्हतं. “बरं,” ती समजूत काढत म्हणाली, “पाचवा डबा वाईट ना? मी उद्या आठव्यात बसते. मग तर झालं?”

मला तेवढाच आधार वाटला. मी हो म्हटलं.

सकाळी मी मूळ आकडे उघडून बसलो. मला भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी स्वेटरच्या बाह्या ओढत होतो.

गाडी बोगद्यात शिरली. आकडे नाचले.

गाडी बाहेर आली.

पाचवा डबा जागेवर आला. सहावा आला. सातवा आला.

आठवा आला नाही.

त्या डब्यात शंभरएक माणसं होती. मी ते पुन्हा पुन्हा मनाशी म्हटलं. शंभरएक माणसं.

मी फोन लावला. तिने लगेच उचलला. “पोचले रे बाबा. मस्त झोप लागली होती. काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला आली. ऑफिसातल्या गमती सांगितल्या, जेवली, आईशी थोडी भांडली. बाथरूममधला वजनकाटा मी ती यायच्या आधीच उचलून माळ्यावर टाकला होता. मला तो बघायचा नव्हता.

जेवण झाल्यावर मी सोफ्यावर बातम्या लावून बसलो. ती येऊन शेजारी बसली, दमली होती, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. केसांना शाम्पूचा वास येत होता. कपाळ कोमट होतं. मानेला तिचा श्वास लागत होता.

बाकी काही लागत नव्हतं.

मी हललो नाही. बातम्या संपल्या, तिची आई दिवे मालवायला आली, तेव्हा तिला जाग आली.

“केवढी झोपले मी,” ती डोळे चोळत म्हणाली. “खांदा अवघडला असेल ना तुझा?”

“नाही गं,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”