घसरणीखालचा गाळ

आमच्या प्रयोगशाळेचं शीतगृह मिऱ्याच्या रस्त्याला आहे. मासळीचं नव्हे, चिखलाचं. अरबी समुद्राच्या तळाला जहाजावरून भोक पाडून वर काढलेला गाळ तिथे प्लास्टिकच्या लांब नळ्यांत ठेवतात. समुद्राखालीही डोंगर असतात आणि ते घसरतात. तिकडे उत्तरेला, मकरानच्या किनाऱ्याजवळ, जमिनीचं एक कवच दुसऱ्याखाली शिरतं. तिथे भूकंपाचा मोठा धक्का बसला तर आपल्या बाजूचा, पूर्वी एकदा कोसळलेला उतार पुन्हा सुटेल का, हे त्या गाळावरून शोधायचं असतं. गाळातले डोळ्यांना न दिसणारे शंख ओळखून मी थराचं वय सांगते. जहाजावर मी कधी गेले नाही.

त्या दुपारी डॉक्टर सरनाईकांना शेवटची नळी उघडून हवी होती. मोहिमेचे प्रमुख तेच. गोव्याच्या परिषदेत त्यांना नमुना दाखवायचा होता.

फाटकाशी येसूबाई बसल्या होत्या, पूर्णगडहून आलेल्या. त्यांचा मुलगा संदेश जहाजावर नळ्या वर खेचणाऱ्या तारेवर कामाला होता. तार झिजलीय, बदलू या, असं तो म्हणाला होता. डॉक्टर म्हणाले, एवढी एक येऊ दे. ती शेवटची नळी डेकवर आली आणि तार तुटली. तुटलेल्या टोकानं संदेशला समुद्रात फेकलं. तो सापडला नाही. जहाजावरच्या पोरांनीच मला हे सांगितलं. डॉक्टरांनी वर कळवलं ते वेगळंच: मुलगा दारू पिऊन कठड्यापाशी गेला.

येसूबाई उठल्या. "सायब, येवढंच बोला... माजा पोर पिलेला नव्हता."

"मावशी, झालं ते झालं. तुम्ही आता घरी जा," म्हणत डॉक्टर आत शिरले.

आत नेहमीसारखा गारठा होता. मी नळी टेबलावर घेतली आणि हात मागे ओढला. नळी कोमट होती.

"सर, ही गरम लागतेय..."

"काप तू."

मी ती उभी चिरून दोन भाग अलग केले. इतक्या जुन्या गाळाला सहसा वास येत नाही. याला ओल्या जाळ्याचा वास होता, नुकत्याच होडीतून काढलेल्या. करड्या, गुळगुळीत गाळावर एक पंजा उमटला होता. उघडा, बोटं फाकलेली. बाहेरून दाबलेला नव्हता; आतून कुणीतरी हात लावावा तसा वर उठलेला होता.

डॉक्टरांनी पातं उचललं आणि तो थर खरवडून काढला. खाली पुन्हा तोच पंजा होता, पण बोटं थोडी वळलेली. त्यांनी आणखी खरवडलं. बोटं आणखी मिटली.

"सर, नका..."

ते ऐकत नव्हते. शेवटी गाळात नुसती मूठ उरली, घट्ट आवळलेली. तेवढ्यात वीज गेली.

"जनरेटर लाव," ते काळोखातून म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी चाचपडत बाहेर आले. उन्हानं डोळे दिपले. जनरेटर सुरू करून वळले तर येसूबाई शीतगृहाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दाराला हात लावलेला नव्हता.

"आत जाव नको, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुजा काय नाय त्यात."

मी दार ढकललं. त्याला बाहेरून कडी नाही, कुलूप नाही, तरी ते हललं नाही. आतून घरघर येत होती, ताणलेल्या तारेवरून काहीतरी जड वर खेचल्यासारखी. त्यावरून डॉक्टरांचा आवाज.

"नव्हता... प्यायला नव्हता तो... मी सांगतो, सगळ्यांना सांगतो... तार मीच..."

पुढचे शब्द बुडबुड्यांत गेले. घरघर थांबली आणि दार आपणच सैल झालं.

डॉक्टर टेबलाखाली पडले होते. कपडे कोरडे, फरशी कोरडी. तोंड मात्र ओठांपर्यंत करड्या गाळानं भरलेलं होतं. टेबलावरची नळी रिकामी होती, धुवून ठेवल्यासारखी स्वच्छ. माझ्या मागून येसूबाई आत आल्या, डॉक्टरांजवळ उकिडव्या बसल्या आणि त्या तोंडाकडे बघत शांतपणे म्हणाल्या,

"आता बोला, सायब."

मी ऐकलं ते सगळं पोलिसांना सांगितलं. काळोखाचं त्यांनी लिहून घेतलं नाही, पण तारेची चौकशी झाली, पोरांनी जबाब दिले आणि संदेशवरचा दारूचा डाग पुसला गेला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मरणाचं कारण दिलं ते बुडून. बंद खोलीत, कोरड्या फरशीवर. फुप्फुसातला गाळ त्यांनी ओळखण्यासाठी माझ्याकडेच पाठवला. इथे दुसरं कोण ओळखणार?

तो त्या नळीतलाच असणार, हे मी धरून चालले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. शंख वेगळे होते, फार जुने. आमचं भोक घसरून आलेल्या डोंगराच्या पोटातच थांबलं होतं. हे शंख त्याच्याही खालच्या तळाचे होते, ज्यावर तो डोंगर कोसळला त्या तळाचे. तिथवर आमचं ड्रिल कधी पोचलंच नव्हतं.