मयतास नवीन पत्ता कळविणेबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : रॉयल हेरॉन ट्रेलर वसाहत, जागा क्रमांक ११८, वसाहत रिकामी करण्याची नोटीस, आणि कै. मिग्दालिया बाकायाओ.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की, हे ज्याच्या बाबतीत घडलं तो एलिएसेर बाकायाओ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. जन्मभर त्यानं लोकांचे एसी दुरुस्त केले. खोटं रचून सांगायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्याच्याकडे नाही, असती तर तो घरं विकण्याच्या धंद्यात गेला असता. पोरांनो, खुर्च्या जरा जवळ ओढा आणि ते फोन पालथे ठेवा. ही गोष्ट त्या उजेडात सांगायची नाही.

तुम्हाला आठवतं तेवढं रॉयल हेरॉन म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचे उकिरडे. पूर्वी तसं नव्हतं. नाव राजेशाही बगळ्याचं, पण राजेशाही तेव्हाही काही नव्हती आणि बगळा दिसलाच तर मागच्या कालव्यात, तोही उपाशी. पण कुंपणाला बोगनवेल होती, शनिवारी डुक्कर भाजल्याचा धूर होता, आणि भांडायला शेजारी होते. ट्रेलर आपला, खालची जमीन दुसऱ्याची. चाकं काढून घर विटांवर चढवलेलं, वादळात उडू नये म्हणून पोलादी पट्ट्यांनी जमिनीला जखडलेलं. तरी सरकारदरबारी त्याची नोंद मोटारींच्या खात्यात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आम्ही माणसं चाळीस वर्षं पार्किंगमध्ये राहत होतो.

मग मालकानं जमीन विकली. तिथे आलिशान मनोरे येणार होते. नोटिशीत फार सभ्यपणे लिहिलं होतं, की रहिवाशांनी आपापली फिरती घरं मुदतीत हलवावीत.

एलिएसेरनं घर ओढून नेणारा ट्रकवाला बोलावला. त्यानं वाकून खाली पाहिलं, एक बोट गंजलेल्या लोखंडात घातलं, ते आरपार गेलं.

"उचलतो की, आजोबा," तो म्हणाला. "पण छप्पर एका गावाला पोचेल आणि तळ दुसऱ्या. दोन्हीकडं जेवायला जायची तयारी आहे?"

शिवाय एवढं जुनं घर कुठली वसाहत आत घेते? कोणीच नाही. एलिएसेर मुलीकडे गेला. यामिले शेजारच्या हायलियात भाड्यानं राहते. नवरा, दोन मुलं, एक बैठकीची खोली. एलिएसेर दोन आठवडे तिच्या सोफ्यावर झोपला. मग तिच्या घरमालकाचं पत्र आलं : करारात चार माणसं आहेत, पाचवं कोण? त्या दिवसापासून एलिएसेर आपल्या व्हॅनमध्ये झोपतो. एका जागी दोन रात्री झाल्या की पोलीस काच वाजवतात, मग दुसरी जागा. घराची चाकं काढली होती म्हणून गेलं, आणि व्हॅनला चाकं आहेत म्हणून तिला कुठे थांबू देत नाहीत. असो.

आता मिग्दालिया. एलिएसेरची बायको. तीन वर्षांपूर्वी त्याच ट्रेलरच्या मागच्या खोलीत वारली. तिच्या माहेरी, तिकडे समुद्रापलीकडच्या बेटावर, ओल्गीनच्या बाजूला, एक रीत होती. घर बदललं की मेलेल्या माणसाला मागं टाकायचं नाही. रिकाम्या घरात उभं राहून त्याला नावानं हाक मारायची आणि नवा पत्ता मोठ्यानं सांगायचा. रस्ता, घराचा नंबर, मजला, सगळं. मेलेली माणसं परगावाहून आलेल्यांसारखी असतात, पत्ता धड नसला तर रस्त्यावर भटकत बसतात. मिग्दालियानं स्वतःच्या आईला असंच तीनदा हलवलं होतं. तिसऱ्यांदा रॉयल हेरॉनमध्ये. आणि मरताना एलिएसेरकडून तिनं एवढंच कबूल करून घेतलं होतं, "मला कुठं सोडून जाऊ नकोस."

ट्रेलर पाडायला यंत्रं येणार होती एक मार्चला, शनिवारी सकाळी. म्हणजे गोष्ट गेल्या वर्षीच्या अठ्ठावीस फेब्रुवारीच्या रात्रीची.

एलिएसेर फाटकाजवळ व्हॅनमध्ये बसला होता. मुलीला फोन लावला.

"पपा, माझा पत्ता तिला द्यायचा नाही," यामिलेनं आधीच सांगून टाकलं.

"अगं, तुझी आई आहे ती. ती काय जागा खाते?"

"तुम्ही काय खात होता? सोफ्याचा एक कोपरा. तरी पत्र आलंच ना?"

"मेलेल्या माणसाला करार लागतो का, यामिले?"

"तुम्ही आमच्या मालकाला ओळखत नाही." मग हळूच म्हणाली, "आणि पपा... माझी मुलं त्याच सोफ्याच्या खोलीत झोपतात. मला भीती वाटते. आईचीच, पण वाटते."

एलिएसेरनं फोन ठेवला.

फाटकावर पहारा विल्नेरचा होता. हैतीचा पोरगा, तीन महिन्यांपासून रात्रपाळीला. एलिएसेरनं त्याच्या खोलीतला एसी फुकट दुरुस्त करून दिला होता.

"म्हातारबा, आत जायला बंदी आहे."

"बायकोला न्यायला आलोय."

विल्नेरनं त्याच्याकडे बघितलं. त्यांच्याकडेही मेलेल्यांचा हिशोब पक्का असतो, त्यामुळे त्यानं वेडगळ प्रश्न विचारले नाहीत. "लवकर या," एवढंच म्हणाला. "मी तुम्हाला पाहिलेलं नाही."

फाटकाला लागूनच नव्या मनोऱ्यांची विक्री-कचेरी होती आणि तिला जोडून नमुन्याचं घर. गिऱ्हाइकांना दाखवायला बांधलेलं. काचेच्या भिंती, मोठा पलंग, टोपलीत प्लास्टिकची लिंबं. त्यात रात्रभर दिवे जळायचे. जिथं माणसं राहत होती तिथली वीज कधीच तोडली होती, आणि जिथं कोणी राहत नव्हतं तिथं दिवाळी. दारावर पितळी पाटी : १, हेरॉन मार्ग.

आत वसाहतीत काळोख. भंगारवाल्यांनी पत्रे सोलून नेले होते. ट्रेलरांचे सांगाडे उभे होते. मागं राहिलेली मांजरं तेवढी इकडून तिकडं.

एकशे अठराच्या लोखंडी पायऱ्या शिल्लक होत्या. तो चढला. टॉर्च लावली. घरात काही नव्हतं. ते त्यानं स्वतःच रिकामं केलं होतं, कपाटं, खिळे, पडद्याच्या कड्यासुद्धा.

बैठकीच्या खोलीत उभं राहून त्यानं घसा खाकरला. पोरांनो, चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईशी बोललो तिच्याशी रिकाम्या खोलीत बोलताना माणसाला लाज वाटते, असं तो मला म्हणाला.

"मिग्दालिया. चल. निघायचंय."

काही नाही.

"मिग्दालिया, उद्या हे घर पाडणार आहेत."

मागच्या खोलीत हँगर सरकला.

कपाट रिकामं होतं. हँगर एकही नव्हता. तरी सरकला. मग दुसरा. सावकाश, एकेक कपडा काढून घडी करावी तसा. मग खण ओढल्याचा आवाज. मग खटके. बॅगेचे खटके, एक... आणि दुसरा.

टॉर्च विझली. त्यानं ती हलवली. पेटली नाही.

सपाता. मागच्या खोलीतून बोळात. सपक... सपक... टाच घासत चालायची तिची सवय होती. बोळाच्या तोंडाशी येऊन त्या थांबल्या.

दिसत काही नव्हतं. पण छातीत कापराच्या मलमाचा वास भरला. शेवटच्या वर्षात ती तेच चोळायची.

ती वाट बघत होती. पत्त्याची.

एलिएसेरनं तोंड उघडलं. "आपली... व्हॅन," तो म्हणाला. "सध्या तिथं, त्या बाजाराच्या मागं लावतो..."

बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मग सपाता फिरल्या. परत बोळात... परत मागच्या खोलीकडं.

"थांब! थांब, हायलिया, पश्चिमेचा..." आणि मुलीचा आवाज कानात आला. जीभ तिथंच अडकली. सपाता थांबल्या. सगळं घर थांबलं.

खिडकीतून तो उजेड दिसत होता. फाटकाजवळचा. एवढ्या काळोखात तेवढंच एक घर.

तो म्हणाला ते रागानं म्हणाला की लाजेनं, हे त्यालाही सांगता येत नाही. पण मोठ्यानं म्हणाला. रीतीप्रमाणं. "एक, हेरॉन मार्ग. तळमजला. नवं कोरं आहे. स्वयंपाकघर केवढं आहे बघ. आणि आपल्याला कोणी उठवणार नाही, मिग्दालिया."

बॅग उचलली गेली.

सपाता आल्या. जवळ. अजून जवळ. त्याच्या बाहीला काहीतरी घासून गेलं... थंड नव्हतं, असं तो सांगतो. उलट ऊबदार होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. दार उघडलं. लोखंडी पायरी वाजली. मग दुसरी. मग खडीवर काहीच नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. तो फाटकापाशी आला तेव्हा विल्नेर खुर्चीतून उठून उभा होता.

"म्हातारबा, तुमची मंडळी पुढं गेली."

एलिएसेरनं मागं वळून काळोखात पाहिलं.

"हातात बॅग. अंगात गाऊन. मी म्हटलं, बाई, ही वाट बंद आहे, कुठं निघाला? तिनं पत्ता सांगितला. न अडखळता." विल्नेरनं ओठांवरून जीभ फिरवली. "पत्ता बरोबर होता. मी काय करणार? माझं काम तेवढंच आहे. मी किल्ली लावून दार उघडून दिलं."

दोघांनी तिकडं पाहिलं.

नमुन्याच्या घरात बैठकीचा दिवा विझला. मग स्वयंपाकघरातला. मिग्दालियाला दिवे जळत ठेवलेले कधी खपायचे नाहीत. शेवटी झोपण्याच्या खोलीतला एक राहिला. पिवळा. पडदा ओढला गेला.

"ती म्हणाली," विल्नेर कुजबुजला, "नवरा मागून येतोय. त्याला आत सोड."

एलिएसेर दारापर्यंत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं कडीवर हात ठेवला. बाहेर थंडी होती आणि व्हॅनमध्ये एकच कांबळं होतं. आत पलंग होता. चव्वेचाळीस वर्षांची बायको होती. एवढं एक दार सगळ्या शहरात त्याच्यासाठी उघडं होतं.

आतून सपाता दाराकडं येऊ लागल्या.

सपक... सपक...

दाराच्या पलीकडं थांबल्या.

"एलिएसेर?"

त्यानं कडी सोडली.

धावला म्हणतो. एकाहत्तर वर्षांचा माणूस धावला म्हणजे काय ते समजून घ्या. व्हॅन सुरू केली, दिवेसुद्धा न लावता निघून गेला. विल्नेर त्याच रात्री नोकरी सोडून गेला, टोपी खुर्चीवर ठेवून.

सकाळी विक्री-कचेरीची मुलगी गिऱ्हाईक घेऊन आली. दार कुलूपबंद होतं, तिनं आपल्या किल्लीनं उघडलं. त्या घरातली शेगडी शोभेची. तिला गॅसची नळी नाही, विजेची तार नाही, मागं नुसती भिंत. त्या शेगडीवर एक जुनी, काळी पडलेली कॉफीची किटली होती. मुलीनं हात लावला आणि बोट भाजलं. शेजारी दोन कप. एक पिऊन पालथा घातलेला. दुसरा काठोकाठ भरलेला, वर बशी झाकून ठेवलेली, कोणी उशिरा येणार असलं की झाकतात तशी.

गिऱ्हाइकानं ते घर घेतलं, त्याला वाटलं ही विक्रीची कल्पक पद्धत. जागा क्रमांक ११८ त्याच दिवशी दुपारपर्यंत सपाट झाली. ट्रेलर सोडून द्यावा लागल्याबद्दल एलिएसेरनं भरपाईचा अर्ज केला आहे, त्याला आता वर्ष होऊन गेलं. कागद सगळे बरोबर आहेत, मी स्वतः पाहिले. फक्त 'कायमचा पत्ता' हा रकाना त्यानं रिकामा सोडला आहे. तेवढा भरून दे म्हणून खिडकीवरून त्याला दोनदा सांगण्यात आलं. तो नको म्हणतो, खिडकीवर पत्ता मोठ्यानं वाचून दाखवतात. अर्ज प्रलंबित आहे.