खिळीवरचा गेरू

शर्यतीचा छकडा बांधायचा म्हंजे निम्मा खेळ चामड्याच्या चकत्यांचा. आखावर चाकाच्या आतल्या अंगाला चकत्या घातल्या, की चाकं भाईर सरत्यात, छकडा पाय फाकून पळतो. वल्या जमिनीला असाच लागतो. कोरड्याला त्याच चकत्या चाकाच्या भाईरनं. चाकं आत, छकडा हलका. मंग मी चाक आखावर धरणारी खीळ ठोकतो आन् तिच्यावर गेरूचं बोट वढतो. ते मोडल्याबिगर खीळ निघत न्हाय, आन् खीळ काढल्याबिगर चकती. आमच्या इंदापूर भागात सुताराचा गेरू कुणी मोडत बी न्हाय.

छप्पन साली डाळजच्या माळावर शर्यतीआधी छकडा हाकणारा गेणबा म्हणाला, "तात्या, पाऊस येणार. वला बांधा."

"तुझ्या टकुऱ्यात आलाय पाऊस," मी हसलो. कोरडा बांधला.

वळणावर सर आली. छकडा उलथला. गेणबा तितंच गेला.

सत्तावन्नला त्याचा धाकला भाऊ जयवंता त्योच छकडा घिऊन आला. संगं त्यांची आई, प्रयागबाई. म्हातारी एवढंच बोलली, "एक दिला तुमाला, तात्या. ह्यो माघारी पायजे."

कडक ऊन. महिना झाला, थेंब न्हवता. कोरडा बांधला, गेरू वढला.

सकाळी बघतो तर चकत्या आतनं.

"जयवंता, हात लावलास?"

"आईची आन, तात्या."

गेरू तर शाबूत हुता. म्हणलं, आपलंच डोळं म्हातारं झालं. पुन्यांदा कोरडा बांधला.

माळावर बैलं जुपताना वाकून बघितलं. चकत्या आतनं. गेरूचं बोट तसंच.

जयवंता भडकला. "काढा त्या! धुरळ्यात वला छकडा? मागं ऱ्हाईन, लोक हसतील."

"हसू दे. तसाच पळव."

"आवं पर तात्या..."

"पळव म्हंतो न्हवं!"

छकडं सुटलं. वळणावर धुरळा उठला, समदी त्यात गडप झाली.

चार छकडं भाईर आलं. लोकांनी फेटं उडवलं. प्रयागबाई वळणाकडंच बघत हुती.

मंग पाचवा आला.

जयवंता खाली उतरला. आईनं त्याचं तोंड चाचपलं. मुंडाशातनं पाणी गळत हुतं.

"वळणावर क्येवढा पाऊस, तात्या," त्यो म्हणाला.

बाकीचं चौघं धुरळ्यानं पांढरं.

मी चाकाशी बसलो. चाकाच्या लोखंडी धावंवर वला चिखल. खिळीवरचा गेरू कोरडा, शाबूत.

चकत्या पुन्यांदा भाईरनं हुत्या, मी बांधल्या तशा.