लाल दोऱ्याची गाठ

घटना भर दुपारची आहे. अंधार नव्हता, वारा नव्हता. गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, त्याखालून उन्हाचा एक पट्टा आत आलेला आणि त्या पट्ट्याच्या टोकाला दादाची गाडी, बॉनेट वर करून उभी. सुट्टीमुळे गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले होते. साधा ताप म्हणून दवाखान्यात ठेवलं, तो चौथ्या दिवशी उठलाच नाही. गाडीचं इंजिन त्या वेळी अर्धं उघडं होतं. खालचं सगळं, म्हणजे पिस्टन आणि रिंगा, दादानं आपल्या हातानं बसवलेलं. वरचं हेड राहिलं होतं. ते धाकट्या भावानं एकट्यानं बसवलं. आज पाच वाजता वहिनी आणि दादाची मुलगी चिमणी येणार होत्या. ‘बाबांची गाडी चालू होताना मला ऐकायचीय’ असं चिमणीनं बजावून सांगितलं होतं. दादाच्या हातचं शेवटचं काम होतं ते. ते आज बोललं पाहिजे, एवढंच धाकट्याला कळत होतं.

सकाळी शेजारचा पेंटर म्हणाला होता, “आज राहू दे. डोकं ठिकाणावर नाही तुझं.”

“तू तुझा रंग मार.”

पेंटर तोंड फुगवून निघून गेला.

नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी दादा कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला हवेचा दाब, बघायचाच. सगळे प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचं आणि सेल्फ मारून काटा कुठवर चढतो ते पाहायचं. पण त्याला दोन माणसं लागतात. एक गेजपाशी आणि दुसरा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चावीवर. चावीवर नेहमी दादा असायचा. सहा फेरे मोजून थांबायचा, एक कमी नाही की जास्त नाही.

“एकट्यानं कसं बघणार?” धाकटा स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं पहिला प्लग उचलला. “बसवू आणि चालू करू.”

तेवढ्यात भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं गेज खाली पडलं. ठण्ण.

धाकटा दचकला, मग चिडला. दादाही असाच करायचा. हा घाई करू लागला की काहीतरी आपटायचा आणि म्हणायचा, “ए वादळ, थांब की जरा.”

“बरं बाबा, बघतो!” गेज उचलून त्यानं पहिल्या भोकात पिळलं. आणि सवयीनं, रडू दाबत, ओरडला, “मार सेल्फ!”

इंजिन फिरलं.

काटा झपझप चढला. एकशे चाळीस. सहा फेरे आणि बंद.

वर केलेल्या बॉनेटमुळे पुढची काच झाकलेली होती, सीटवर कोण आहे ते दिसत नव्हतं. पेंटर मागच्या दारानं आला असणार. रुसलेला, म्हणून गप्प.

“सकाळचं मनावर घेऊ नकोस रे,” तो म्हणाला. “दुसरा. मार.”

सहा फेरे. एकशे अडतीस. चौथाही तसाच. तिसरा त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्याच सिलिंडरवर काम करताना दवाखान्यातून फोन आला होता.

“मार...”

सहा फेरे. काटा जेमतेम हलला आणि पडून राहिला.

भोकात थोडं तेल सोडून त्यानं पुन्हा बघितलं. रिंगा गळत असतील तर तेलानं काटा चढतो. नाही चढला. म्हणजे दादाचं काम चोख होतं. चूक वर होती, त्याच्या स्वतःच्या कामात.

“व्हॉल्व्ह असेल... जाऊ दे, चालू केलं की बसेल जागेवर,” तो म्हणाला.

त्याच्या नाकासमोर हवेची झडप आपोआप उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. कुणीतरी आतून ॲक्सिलरेटर दोनदा दाबला होता. सावकाश. एखाद्याला जागा दाखवावी तसा. आणि वास आला... साबण आणि लाकडाचा भुसा. ग्रीस काढायला असे हात इथं एकच माणूस धुवायचा.

“पेंटर...?”

“काय?” शटरखालून वाकून पेंटर आत आला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. “कोणाशी बोलतोयस? कोपऱ्यापासून ऐकतोय.”

धाकटा गाडीला वळसा घालून दाराशी गेला. सीट रिकामी होती. मागं सरकवलेली, दादासारख्या उंच माणसासाठी. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दबलेला होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आला. चावी लावलेलीच नव्हती. ती धाकट्याच्या शर्टाच्या खिशात होती.

पेंटरनं चहाचे ग्लास बाकावर ठेवून दिले. “चल... बाहेर चल.”

“थांब.” धाकट्यानं पाना उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घाई केली नाही. एकेक नट सैल करून हवेचा मॅनिफोल्ड, सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ्यांचा जोड, उतरवला. तिसऱ्या वाटेत बोळा होता. काम करताना कचरा पडू नये म्हणून त्यानंच कोंबलेली चिंधी, फोन आला तेव्हा तशीच विसरलेली. चालू केलं असतं तर ती आत ओढली गेली असती आणि दादाचं सगळं काम तिथंच मोडलं असतं.

तो खाली बसून हमसून हमसून रडला. “उपकार झाले रे दादा,” एवढंच म्हणत राहिला.

पाच वाजता, चारही सिलिंडरांना काटा सारखा चढल्यावरच, गाडी पहिल्या सेल्फला बोलली. चिमणीनं टाळ्या पिटल्या.

वहिनीची नजर बाकावरच्या चिंधीवर गेली. तिला लाल दोरा बांधलेला होता, दुहेरी गाठ मारून. रडण्याच्या भरात धाकट्यानं तो पाहिलाच नव्हता. दादा प्रत्येक बोळ्याला असा दोरा बांधून टोक बाहेर लोंबतं ठेवायचा, विसरायला नको म्हणून. धाकटा त्यावर हसायचा. त्यानं कधीच बांधला नव्हता.

“हा दोरा कुठून आणलास?” वहिनीनं हळूच विचारलं. “रीळ तर त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मी काढलं नाही. त्यांच्याबरोबरच गेलं ते...”

धाकट्यानं दोऱ्याचं टोक बोटात धरलं. दादाला कात्री कधी सापडायची नाही, तो दातानंच तोडायचा.

टोक चावलेलं होतं. आणि अजून ओलं.