सात हजार वेढे

माधवनगरच्या धनाजीला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बावीस वर्षं त्यानं जळालेल्या मोटारींत नवी तार भरली होती. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या. पण त्याची लेक स्वप्नाली साताऱ्याला एका लॅबमध्ये नोकरीला होती, आणि आई गेल्यापासून ती फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नव्हती. एकदाच तिच्या तोंडून निघून गेलं, "मैत्रिणीची इलेक्ट्रिक गिटार वाजवली, पप्पा. तेवढा येळ बरं वाटलं." धनाजीनं ते मनात धरलं. विकतची द्यायची नाही, स्वतः करायची.

पाटणच्या मेव्हण्यानं फणसाची फळी पाठवली. मोबाइलवर बघत त्यानं ती कापली, घासली. मान तयार आणली. तारा बसवायची पट्टी पहिल्यांदा बोटभर पुढं ठोकली, तर वरचे सगळे सूर वाकडे. भोकं बुजवून पुन्हा पाडली. शेवटी राहिला पिकअप, म्हणजे तारांखालची कॉइल. लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तारेचे सात हजार वेढे. तारेची थरथर तीच टिपते आणि स्पीकरला देते.

वेढे मोजायला आधी बायको, अंजना, असायची. धनाजी हात चालवायचा आणि ती शेजारी बसून हलक्या आवाजात आकडे म्हणायची. दारात कुणी आलं, दूध उतू गेलं, तरी तिचा आकडा चुकायचा नाही. मागच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. आता धनाजी एकटाच मोजत होता. चार वेळा तार तुटली. पाचव्या वेळी कॉइल पुरी झाली.

एका दुपारी त्यानं सगळं जोडलं आणि छोटा अँप्लिफायर लावला. तारांवर हात ठेवून तो खोकला, तर खोकला स्पीकरमधून आला. फळीवर टिचकी मारली, तीही आली. आपलं काहीतरी चुकलंय हे त्याला कळलं, पण गंमत वाटून तो हसला. हसणं थांबलं. आणि मग स्पीकरमधून, अगदी हळू...

"बाराशे चार... बाराशे पाच..."

धनाजीनं वायर उपटली. खोलीत कुणी नव्हतं. गल्लीतून भंगारवाल्याची हाक येत होती. तेवढीच. त्यानं वायर पुन्हा खोचली.

"बाराशे सहा..."

"अंजे?" तो म्हणाला. त्याची हाक स्पीकरमधून घुमली. आकडा मात्र चुकला नाही.

त्या दिवसापासून त्यानं दुकान उघडणं सोडलं. जेवून झालं की वायर लावायची आणि ऐकत बसायचं. वायर काढली की ती थांबायची. दुसऱ्या दिवशी लावली की पुढचा आकडा. चार हजार झाले, पाच हजार झाले, आणि एका दुपारी धनाजीच्या ध्यानात आलं. वेढे सातच हजार होते. पुढं काय?

मग तो जपून ऐकायला लागला. आधी दिवसाला शंभर, मग दहा, मग एकच आकडा. तो एक आकडा तो दिवसभर जवळ बाळगायचा.

फोन उचलत नाही म्हणून रविवारी स्वप्नाली आली. बापाचे गाल आत गेलेले, दाढी वाढलेली. मग तिची नजर गिटारवर गेली.

"माझ्यासाठी केली व्हय?" तिनं ती मांडीवर घेतली आणि धनाजी उठायच्या आत वायर खोचली.

"सहा हजार नऊशे एक्क्याण्णव..."

स्वप्नालीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पप्पा... कवापास्नं?"

धनाजीनं सगळं सांगितलं. तिनं वायर काढली.

"मैत्रीण सांगत व्हती," ती म्हणाली, "कॉइलला मेण पाजलं न्हाई तर ती खोलीतलं सगळं ऐकती. मेण पाजलं की गप हुती. आपण पाजूया, पप्पा."

"नऊच राहिल्यात गं... ऱ्हाऊ दे."

"तुमची काय दशा झालीया बघा की. आन् आईला असं किती दिवस मोजाय लावायचं?"

धनाजीनं गिटार पुढ्यात ओढली. त्यानं स्वतःच्या हातानं कॉइल सोडवली. डब्यात मेण वितळवून तो उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि कॉइल आत सोडली. बारीक बुडबुडे वर यायला लागले. त्याच्यानं ते बघवेना. दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसली. 

अर्ध्या तासानं आत आली, तेव्हा गॅस बंद होता. कॉइल कागदावर नीट ठेवलेली होती. तिला मेणाचा थेंबही नव्हता.

"तुमी काढली?"

"मी तुझ्याजवळच व्हतो की."

डब्यातल्या मेणावर साय धरली होती आणि तिला पाच खड्डे पडले होते. बोटांचे. स्वप्नालीनं आपली बोटं वर धरून बघितली. खड्ड्यांहून तिची जाड होती.

"पप्पा," ती रडत म्हणाली, "आईला भाजलं असंल का वं?"

धनाजी उठला. माठातलं गार पाणी पितळेच्या घंगाळात ओतून त्यानं ते कॉइलशेजारी ठेवलं. मग घराला कुलूप लावून तो लेकीला सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेला. गाडी सुटेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.

तो परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप जसंच्या तसं होतं. घंगाळातल्या पाण्यावर मेणाची पाच टरफलं तरंगत होती, पातळ, बोटांवरून अलगद उतरवल्यासारखी. त्यानं एक उचलून दिव्यापाशी धरलं. आतल्या बाजूला कातडीच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या, आणि ते अजून कोमट होतं.