कोरी सोडलेली खिडकी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या सभागृहाचं पत्र्याचं छप्पर फेब्रुवारीच्या उन्हात तडतडत होतं, पण उना ट्रेगेन्झाला ना ऊन जाणवत होतं ना तहान. ॲडलेडच्या एका चित्रपट-संग्रहालयातून स्टाव्हरोस आला होता. त्याला पटलं तर तिच्या वडिलांनी देखावे रंगवलेला सिनेमा जपला जाणार होता. नाही तर ही एकुलती एक प्रत डब्यातच सडणार. डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागलाच होता.

तिने हिरवं लोकरी जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं. बाराही महिने ते तिच्याबरोबर असे, कारण त्याचं तिसरं, लाल बटण वडिलांनी शिवलं होतं.

“आता बघ हं, आता,” तिने स्टाव्हरोसला कोपराने ढोसलं.

पडद्यावर टेकडीवरचं गाव आलं. जांभळं आकाश, गेरूच्या रंगाची धुराडी आणि एकतीस उजळलेल्या खिडक्या. प्रत्येकीतला उजेड वेगळा, कुठे मधासारखा, कुठे फिक्या चहासारखा. उनाला दर वेळेसारखंच भरून आलं.

“हे सगळं रंगवलंय?” स्टाव्हरोस पुढे सरकून बसला.

“काचेवर. मागे नुसती आमची तांब्याची खाण होती. जिथे माणसं हवीत तिथे बाबा काच कोरी सोडायचे. त्या जागेतून पलीकडची खरी माणसं कॅमेऱ्यात यायची. तो पूल दिसतोय ना, तेवढाच खरा.”

“कमाल आहे. सांधा कुठे दिसत नाही.”

“शोधता शोधता वेडा होशील. आणि ती वरची काळी खिडकी, तीसुद्धा कोरीच सोडलीय. कोणासाठी, ते काही बाबांनी सांगितलं नाही. चित्रण संपायच्या आत गेले. मी चाळीस वेळा पाहिलंय, तिथे अंधारच असतो.”

“मग आत दिवा कोणी लावला?”

उनाने पाहिलं.

खिडकीत उजेड होता. एक माणूस टेबलावर कप मांडत होता. एक, मग दुसरा. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली. भीती वाटायला हवी होती. तिला आनंदाने उठून उभं राहावंसं वाटलं.

त्याने दुसरी खुर्ची ओढली. त्या खुर्चीच्या पाठीवर काहीतरी हिरवं अडकवलं आणि हाताने नीट केलं.

तिसरं बटण लाल होतं.

रीळ संपलं. दिवे लागले. स्टाव्हरोसचे डोळे चमकत होते.

“उना, ही प्रत मी आजच नेतो. थंड खोलीत ठेवू. दोनशे वर्षं धक्का लागणार नाही. पण गारठा असतो हं तिथे. आम्हीसुद्धा लोकरीचं काही घातल्याशिवाय आत जात नाही.”

उना हसली, डोळे पुसले आणि जाकिटासाठी हात मागे नेला.

खुर्चीची पाठ मोकळी होती.